राजीनामा दिला, पण सुटका कधी? नोकरी सोडण्याची प्रक्रिया ‘ऑटोमॅटिक’ होते म्हणजे नेमकं काय होतं?

समजा, पारोळ्याचा एक तरुण आहे. जळगाव एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात तो पाच वर्षं अकाउंट्स सांभाळायचा. पुण्याला चाकणमध्ये जास्त पगाराची नोकरी लागली. त्याने राजीनामा दिला, मालकाने पाठीवर थाप मारली, सगळ्यांनी मिळून कचोरी खाल्ली आणि गडी रविवारच्या गाडीने पुण्याला गेला.

तीन वर्षांनी त्याला घर घ्यायचं आहे. जुन्या पीएफ खात्यातले पैसे नव्या खात्यात आणायला तो बसतो आणि अर्ज अडकतो. कारण काय, तर जुन्या कारखान्यातून त्याची ‘नोकरी सोडल्याची तारीख’ कुणी भरलेलीच नाही. सरकारी नोंदीत तो अजूनही त्या चटईच्या कारखान्यात कामाला आहे!

इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही. मालकाला वाटलं अकाउंट्सवाला भरेल. पण अकाउंट्सवाला तर हाच होता आणि तोच निघून गेला होता.

ही गोष्ट काल्पनिक असली, तरी अशी अडकलेली माणसं तुमच्या ओळखीत एखाद-दुसरी नक्की सापडतील. कंपन्या आता नोकरी सोडण्याची सगळी प्रक्रिया सॉफ्टवेअरवर टाकतायत ती याच गोंधळामुळे. एचआरच्या भाषेत त्याला ‘ऑफबोर्डिंग ऑटोमेशन’ म्हणतात. नाव भारी आहे, पण गोष्ट साधी आहे. ती समजून घेतली, तर राजीनामा देताना तुमचाच फायदा होईल.

एक माणूस निघतो तेव्हा किती कामं निघतात?

नोकरी लागताना सगळे उत्साहात असतात. ओळखपत्र, बँक खातं, ईमेल, लॅपटॉप सगळं पटापट मिळतं. निघताना हेच सगळं उलट्या क्रमाने सोडवायचं असतं आणि तिथे कुणालाच घाई नसते.

एक राजीनामा आला की साधारण एवढी कामं तयार होतात :

- साहेबांनी राजीनामा मंजूर करणं आणि शेवटचा दिवस ठरवणं
- हातातलं काम दुसऱ्याकडे सोपवणं
- लॅपटॉप, मोबाइल, सिमकार्ड, चाव्या, ओळखपत्र परत घेणं
- ईमेल आणि सॉफ्टवेअरचे लॉगिन बंद करणं
- उरलेला पगार, शिल्लक रजा, उचल यांचा हिशोब करणं, म्हणजेच ‘फुल अँड फायनल’
- पीएफ आणि ईएसआयसीच्या पोर्टलवर नोंद करणं
- पात्र असेल तर ग्रॅच्युइटी देणं
- रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि नंतर फॉर्म १६ देणं

ही कामं एकाच टेबलावर होत नाहीत. स्टोअर, अकाउंट्स, आयटी, एचआर, गेटवरचा सिक्युरिटीवाला असे पाच-सहा जण त्यात असतात. जुन्या पद्धतीत ‘नो ड्यूज’चा एक कागद असायचा. निघणाऱ्याने तो हातात घेऊन टेबलाटेबलावर सह्या गोळा करत फिरायचं. एक साहेब रजेवर असला की कागद तिथेच थांबला.

या गोष्टीचं एक टोक अमळनेरला आहे

विप्रो म्हटलं की बंगळुरू आठवतं. पण ही कंपनी सुरू झाली ती जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ नावाची कंपनी स्थापन केली. वनस्पती तूप बनवणारी ही कंपनी पुढे अझीम प्रेमजींच्या काळात संगणकाकडे वळली.

गिरणी किंवा तेलाच्या कारखान्यात माणूस एकदा लागला की बऱ्याचदा तिथूनच निवृत्त व्हायचा. वर्षाला मोजके लोक बाहेर पडायचे, त्यांचा हिशोब कारकुनाला वहीत करता यायचा. आयटीमध्ये चित्र उलटं झालं. २०२१-२२ या आर्थिक वर्षाच्या अखेरीस विप्रोने जाहीर केलेलं स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २३.८ टक्के होतं. दोन लाखांवर माणसं असलेल्या कंपनीत याचा ढोबळ अर्थ, दिवसाला शंभरच्या पुढे माणसं बाहेर. एवढ्या लोकांनी कागद घेऊन टेबलं फिरायची म्हटलं तर कंपनीत दुसरं कामच होणार नाही. म्हणून मोठ्या कंपन्यांनी हे काम सॉफ्टवेअरकडे दिलं.

मग सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे सॉफ्टवेअर फार हुशार असतं असं नाही. ते एकच तारीख धरून बसतं, ती म्हणजे तुमचा कामाचा शेवटचा दिवस.

तुम्ही पोर्टलवर राजीनामा टाकता. नियुक्तिपत्रात लिहिलेला नोटीस पिरियड मोजून सॉफ्टवेअर शेवटच्या दिवसाची तारीख सुचवतं. साहेब ती मंजूर करतात किंवा बदलतात. ती पक्की झाली की त्याच क्षणी सगळ्या विभागांना आपापलं काम जातं. स्टोअरला यादी जाते की या माणसाकडून लॅपटॉप आणि चार्जर घ्यायचा आहे. आयटीला कळतं की अमुक तारखेला संध्याकाळी लॉगिन बंद करायचं आहे. पगारपत्रकात तेवढ्याच दिवसांचा पगार धरला जातो. पीएफ आणि ईएसआयसीच्या पुढच्या महिन्याच्या यादीत ‘सोडलं’ अशी खूण लागते.

दोन फरक पडतात. एक, कामं एकामागून एक न होता एकाच वेळी सुरू होतात. कागद एका टेबलावर अडकला म्हणून पुढची चार टेबलं थांबत नाहीत. दुसरा फरक म्हणजे कोणाकडे काम अडलंय ते सगळ्यांना दिसतं. दोन दिवस झाले तरी स्टोअरने खूण केली नाही, तर सॉफ्टवेअर आधी आठवण करतं, मग वरच्या साहेबाला कळवतं.

चेन्नईची झोहो, हैदराबादच्या केका आणि डार्विनबॉक्स, बंगळुरूची ग्रेटएचआर अशा बऱ्याच भारतीय कंपन्या एचआरचं सॉफ्टवेअर विकतात. सरकारनेही निवृत्तीसाठी असंच केलं आहे. केंद्राच्या नागरी खात्यांमध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांसाठी ‘भविष्य’ ही ऑनलाइन प्रणाली १ जानेवारी २०१७ पासून बंधनकारक आहे. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते त्यात दिसतं. सरकारी निवृत्तीचं एक बरं असतं, तिची तारीख जन्मतारखेवरून आधीच ठरलेली असते. खासगी नोकरीतला राजीनामा मात्र सोमवारी सकाळी अचानक येतो. म्हणून तिथे तारीख पक्की करणं आणि ती सगळीकडे पोहोचवणं हेच खरं काम.

आता घाई का? कारण कायद्याने घड्याळ लावलंय

‘फुल अँड फायनल’ला पंचेचाळीस दिवस लागतात, असं बऱ्याच ठिकाणी सहज सांगितलं जातं. ती फक्त पडून गेलेली सवय आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहिता, २०१९ नुसार कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, त्याला काढलं, त्याची कपात झाली किंवा कारखाना बंद पडला, तरी त्याचं देय वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायचं आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यातली दोन दिवसांची अट मालकाने काढून टाकलेल्या कामगारासाठी होती. आता स्वतः राजीनामा देणाराही त्यात आला.

दोन दिवस म्हणजे किती कमी, याचा विचार करा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी स्टोअरवाला लॅपटॉप तपासणार, मग अकाउंट्सला कळवणार, मग रजा मोजणार, मग साहेबांची सही. कागदावर हे दोन दिवसांत बसत नाही. नोटीस पिरियडमध्येच सगळा हिशोब तयार असेल आणि शेवटच्या दिवशी फक्त बटण दाबायचं राहिलं असेल, तरच ते जमतं. ऑटोमेशनचा खरा उपयोग इथे होतो.

कपातीलाही मर्यादा आहे. ‘लॅपटॉपला ओरखडा आला’ म्हणून पगार अडकवून ठेवता येत नाही. ताब्यात दिलेल्या वस्तूच्या नुकसानीपोटी कपात करायची, तर आधी कर्मचाऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. सगळ्या कपाती मिळून त्या काळातल्या वेतनाच्या ५० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाहीत.

ग्रॅच्युइटीचं गणित तुम्हीही करू शकता

सलग पाच वर्षं नोकरी झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एक वर्षानंतरही सेवेच्या प्रमाणात ती मिळते. सूत्र सोपं आहे : शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस भरले असतील, तर ते पूर्ण वर्ष धरतात.

एखाद्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आहे आणि सेवा ७ वर्षं ८ महिने. म्हणजे ८ वर्षं धरायची. १५,६०० भागिले २६ म्हणजे ६००. गुणिले १५ म्हणजे ९,०००. गुणिले ८ म्हणजे ७२,००० रुपये. देय झाल्यापासून ३० दिवसांत ही रक्कम द्यायची असते.

इथेही शेवटच्या दिवसाची तारीख चुकली तर काय होतं बघा. सात वर्षं आठ महिन्यांच्या जागी सात वर्षं पाच महिने अशी नोंद झाली, की आठाची सात वर्षं होतात आणि ९,००० रुपये गेले.

पीएफमधली ती एक रिकामी चौकट

आता पारोळ्याच्या तरुणाकडे परत येऊ. पीएफच्या नोंदीत तुमच्या प्रत्येक नोकरीपुढे दोन तारखा असतात : लागल्याची आणि सोडल्याची. सोडल्याची तारीख आणि कारण कंपनीने भरायचं असतं. ती चौकट रिकामी राहिली, की पैसे काढायला किंवा नव्या खात्यात न्यायला अडचण येते.

पण यावर उपाय आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नाही. २०२० पासून कर्मचारी स्वतःही ही तारीख भरू शकतो. जुन्या कंपनीने शेवटची वर्गणी भरल्यानंतर दोन महिने झाले, की ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर ‘मॅनेज’ आणि त्यात ‘मार्क एक्झिट’ हा पर्याय वापरायचा. शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे, त्याच महिन्यातली तारीख टाकायची. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख चुकू नये म्हणून रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरा.

म्हणजे तो तरुण तीन वर्षं ज्या कामासाठी अडकला, ते त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर दहा मिनिटांत झालं असतं.

ईएसआयसीतही असंच आहे. कंपनी दर महिन्याला जी फाइल भरते, तिच्यात एखाद्याचे कामाचे दिवस शून्य असतील तर त्याचं कारण आणि शेवटचा कामाचा दिवस लिहावा लागतो. म्हणजे पुन्हा तीच तारीख.

कंपनीला काय पडलंय? चावी परत न घेण्याची किंमत

आतापर्यंत कर्मचाऱ्याचं नुकसान पाहिलं. पण माणूस गेला आणि त्याचं लॉगिन चालूच राहिलं, तर फटका कंपनीला बसतो.

अमेरिकेतल्या सिस्को कंपनीचं उदाहरण घ्या. एका इंजिनिअरने एप्रिल २०१८ मध्ये राजीनामा दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांनी, त्याने कंपनीच्या क्लाउडमध्ये परवानगीशिवाय शिरून ४५६ व्हर्च्युअल मशीन पुसून टाकली. वेबेक्स टीम्सची १६,००० पेक्षा जास्त खाती बंद पडली, काही तर दोन आठवड्यांपर्यंत. कंपनीला दुरुस्तीसाठी सुमारे १४ लाख डॉलर खर्च आला आणि ग्राहकांना दहा लाख डॉलरहून अधिक परत द्यावे लागले. त्या इंजिनिअरला डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांची कैद झाली.

‘आपल्या दालमिलमध्ये कुठला क्लाउड?’ असं वाटेल. पण विचार करा. जीएसटीच्या पोर्टलवर मोबाइल नंबर कुणाचा आहे? पीएफच्या कंपनी लॉगिनचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? टॅलीचा पासवर्ड कुणाला पाठ आहे? मालकाची डिजिटल सही असलेला पेनड्राइव्ह कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे? बऱ्याच छोट्या कारखान्यांत या सगळ्यांचं उत्तर एकच असतं : अकाउंटंट. आणि तोच नोकरी सोडून चाललेला असतो. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेला ओटीपीसाठी जुन्या माणसाला फोन लावायचा आणि त्याने उचलला नाही, की मालकाला घाम फुटतो.

मशीनने माणसालाच काढलं तेव्हा

म्हणून सगळंच मशीनवर सोपवायचं का? नाही. जून २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका प्रोग्रॅमरने स्वतःचा अनुभव लिहिला आणि तो जगभर गाजला. कंपनीने त्याला काढलंच नव्हतं. त्याचा आधीचा साहेब नोकरीवरून गेला आणि जाता जाता याच्या कराराचं नूतनीकरण नव्या प्रणालीत करायचं राहिलं. करार संपला असं समजून सॉफ्टवेअर कामाला लागलं. आधी ओळखपत्र चालेना. मग एकेक लॉगिन बंद झालं. शेवटी सिक्युरिटी गार्ड आले आणि त्याला बाहेर घेऊन गेले. वरिष्ठांनाही काही सुचेना, कारण एकदा सुरू झालेली साखळी मध्येच थांबवायची सोयच नव्हती. पुन्हा कामावर यायला तीन आठवडे लागले आणि त्या दिवसांचा पगार मिळाला नाही.

यातला धडा असा की चुकीची तारीखही तेवढ्याच वेगाने सगळीकडे पोहोचते. म्हणून तारीख पक्की करण्याचं काम माणसाचं आणि ती पोहोचवण्याचं मशीनचं. कुणाला काढायचं, कपात करायची की नाही, माणूस का चालला, हे कुणीतरी समोर बसवूनच बोललं पाहिजे. ‘नोकरी का सोडताय?’ याला फॉर्मवर सगळे ‘वैयक्तिक कारण’ लिहितात. खरं कारण चहाच्या टपरीवर कळतं.

चाळीस माणसांच्या कारखान्याने काय करावं?

जळगावच्या दालमिल, चटई आणि पाइपचे कारखाने असोत, की धुळ्याच्या अवधान आणि शिंदखेडा तालुक्यातल्या नरडाणा एमआयडीसीतले छोटे उद्योग, तिथे महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. एक गूगल फॉर्म आणि एक शीट पुरते.

फॉर्ममध्ये नाव, राजीनाम्याची तारीख आणि शेवटचा दिवस एवढंच. शीटमध्ये त्या एका तारखेवरून पुढच्या तारखा सूत्राने काढायच्या : कामकाजाचे दोन दिवस पुढे ‘वेतन’, तीस दिवस पुढे ‘ग्रॅच्युइटी’, पुढच्या महिन्याची १५ तारीख ‘पीएफ आणि ईएसआयसी’. प्रत्येक कामासमोर एका माणसाचं नाव. फक्त ‘अकाउंट्स’ असं लिहायचं नाही, माणसाचं नाव लिहायचं. तारीख जवळ आली की मालकाला आपोआप ईमेल जाईल एवढी सोय केली, की झालं तुमचं ऑटोमेशन.

एक नियम मात्र पाळा. जो निघतोय, त्याच्याच नावावर त्याच्या निरोपाचं काम ठेवू नका.

आणि तुम्ही राजीनामा देणार असाल तर?

- राजीनामा ईमेलवर द्या आणि शेवटच्या दिवसाची तारीख लेखी मंजूर करून घ्या.
- कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी पगाराच्या स्लिप उतरवून घ्या. कंपनीची कागदपत्रं मात्र घेऊ नका.
- लॅपटॉप, चाव्या परत केल्याची पोच घ्या.
- पीएफ खात्याला स्वतःचा चालू मोबाइल नंबर आणि आधार जोडलेलं आहे ना, ते बघा.
- कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे नोकरीबरोबर संपतो. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आधीच चौकशी करा.
- दोन महिन्यांनी पीएफ पोर्टल उघडून सोडल्याची तारीख आली का बघा. नसेल तर स्वतः भरा. अडलं तर ईपीएफओचा १४४७० हा मदत क्रमांक आहे.
- वेतन अडवलं गेलं, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

पारोळ्याच्या त्या तरुणाच्या निरोपाला कचोरी होती, पाठीवरची थाप होती, सगळ्यांच्या शुभेच्छाही होत्या. राहिली होती ती फक्त एक तारीख. तुमची कुठल्या जुन्या नोकरीत राहिलेली नाही ना, ते आजच एकदा पोर्टलवर जाऊन बघा.